इशबेल आत्याचा दगड

मंगळवार, १४ मे

किलीक्रँकी. पोचायला उशीर — वाटेत एक केसाळ गाय आडवी उभी, हलेना. मी फोटो काढत बसलो. आत्या गाडीतूनच, "रोरी, लग्न लावून देऊ का तुमचं?"

शुक्रवारी इन्व्हर्नेसला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, टेबलावरून उठेलच असं नाही. केलं नाही तर फार तर वर्षभर. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे यावर फार विचार करत नाही. आत्याने या रस्त्यावर जन्मभर बस चालवली, पण एकदाही खाली उतरून काही पाहिलं नाही म्हणे. म्हणून आधी रणांगणं.

इथे नदीकाठी एक प्रसिद्ध खडक आहे. इथली जुनी लढाई हरल्यावर सरकारी फौजेतला एक लाल डगलेवाला शिपाई इथून नदीपलीकडे उडी मारून पळाला. केवढी उडी! बुटांसकट मारली असेल?

आत्या कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. "लढून मेले त्यांची नावं कुणाला माहितीयत? आणि पळाला त्याचा खडक."

बुधवार, १५ मे

पाऊस, चिलटं. एक गढी पाहिली. संडास भिंतीतच, थेट खंदकात. शत्रू तिथूनच वर आला तर? तिकीटवाल्याला विचारलं, तो हसत सुटला. आत्या म्हणाली, "शाळा सुटली तुझी ते बरंच झालं. मास्तर वाचले."

आयलीन डोननचा किल्ला राहिला. पश्चिमेला फार लांब पडतो. "ऑपरेशननंतर," मी म्हटलं. तिने नकाशाची घडी घातली.

गुरुवार, १६ मे

कलोडनचं रणांगण. माळावर, लढून मेलेल्यांच्या घराण्यांच्या नावांचे दगड. आमचं नाव सापडेना. "आपले लोक उशिरा पोचले असतील त्या दिवशी," आत्या.

पुढे आडवाटेला दगडांची एक जुनी रास. लढाईला निघताना प्रत्येकाने एक दगड ठेवायचा, जिवंत परतला की आपला उचलून न्यायचा. उरलेली रास म्हणजे न परतलेली माणसं. आत्याने ओढ्यातून पांढऱ्या रेघेचा दगड शोधला आणि वर ठेवला.

"परत आले की नेईन. नाहीच आले, तर तू हात लावायचा नाहीस. कळलं?"

कळलं म्हटलं. तेवढ्यात एक टिटवी लंगडत पळाली — घरटं लपवतात त्या अशा. तिच्यामागे गेलो ते ओढ्यापलीकडेच. घरटं काही सापडलं नाही. परतलो तर आत्या गाडीत, पट्टा लावून, कोट मांडीवर घट्ट धरून बसलेली.

शुक्रवार, १७ मे

दवाखान्याच्या फाट्याआधी चहाला थांबलो. निघताना तिचा कोट उचलून दिला. एक खिसा जड. हात घातला — पांढऱ्या रेघेचा दगड.

मी तो तिच्यापुढे धरला. "दवाखान्यात सकाळीच फोन करून नाही म्हटलंय मी," ती म्हणाली. "आयलीन डोननला जेवणापर्यंत पोचू ना रे?"

फाटा मागे पडला. पोचू.