बंद मॉलच्या दरवाजावरील चार स्वागतकांबाबत

प्रति,
मा. मालमत्ता व पाडकाम अधिकारी,
नगर परिषद कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बंद मॉलच्या मुख्य दरवाजावर रोज संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या चार व्यक्तींबाबत खुलासा, तसेच त्यांना तेथून तातडीने हटवण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस. (दाराचा रंग ओला असल्याने जावक क्रमांक दारालाच राहिला, फक्त कागद हातात आला.)

महोदय,

वरील नोटिशीत आपण असे कळवले आहे की, अर्जदार सील केलेल्या मॉलच्या मुख्य दरवाजावर रोज संध्याकाळी वेगवेगळे पोशाख करून उभा राहतो, रस्त्यावरच्या गाड्यांना हात हलवतो, आणि त्याला घाबरून पाडकामाच्या कंत्राटदाराची माणसे काम टाकून पळतात. खुलासा न आल्यास गुन्हा दाखल होईल, असेही त्यात म्हटले आहे. त्यावर अर्जदाराचे म्हणणे पुढीलप्रमाणे.

१. अर्जदाराचा उजवा गुडघा बदललेला आहे. संध्याकाळी तो आपल्या गॅलरीत खुर्चीवर बसलेला असतो, हे समोरच्या इमारतीतले सगळे शपथेवर सांगतील, कारण त्यांनाही संध्याकाळी दुसरा उद्योग नसतो. एक पँट चढवायची तरी पत्नीला हाक मारावी लागते, तिथे अर्जदार रोज चार पोशाख कुठून बदलणार? सबब नोटिशीतील आरोप अर्जदारास मान्य नाही.

२. मात्र सदर चौघे म्हणजे अर्जदारच आहेत, हे नाकारता येत नाही.

३. याचा उलगडा होण्यासाठी मॉलची थोडी हकिगत सांगणे भाग आहे. उपनगराच्या टोकाला, जिथून बस वळून परत जायची, तिथे ही इमारत उभी राहिली तेव्हा तिला मॉल म्हणत नसत, खरेदी केंद्र म्हणत. आत सरकता जिना होता. लोक खरेदीला कमी आणि जिन्यावर उभे राहायला जास्त यायचे. हौसेने वर गेलेल्या कुणाच्या तरी आत्याबाई उतरायला घाबरून वरच बसून राहिल्या होत्या, त्यांना शेवटी सामानाच्या लिफ्टमधून खाली आणावे लागले. व्यवस्थापकाला दारात उभा करायला माणूस हवा होता. पडद्यावर तेव्हा रागीट नायकांचा जमाना होता, आणि अर्जदाराचे नाक व चालण्याची ढब त्यातल्या एका गाजलेल्या नटासारखी होती. एवढ्या भांडवलावर अर्जदारास नोकरी लागली. बेलबॉटम, रुंद कॉलर, कानशिलांवर डिंकाने चिकटवलेले कल्ले. काम एकच, येणाऱ्याचे हसून स्वागत करायचे. रागीट नायक हसत नाही, हे अर्जदाराने नम्रपणे लक्षात आणून दिले, तेव्हा "तू हस रे, तुला कोण बघतंय" असे उत्तर मिळाले.

पुढे डिस्को आला. रेकॉर्डच्या दुकानाचे कॅसेटचे दुकान झाले, केंद्राचा प्लाझा झाला, आणि अर्जदाराचे कल्ले उतरवून त्याला चंदेरी जाकीट चढवण्यात आले. छातीवर लुकलुकणारे दिवे होते. त्यांची बॅटरी कमरेला बांधलेली असे आणि तासाभरात ती इस्त्रीसारखी तापे. दिव्यांची तार तुटली की समोरच्या अत्तराच्या काउंटरवरची मुलगी येऊन केसातल्या पिनेने ती जोडून देई. पुढे पुढे तार फारच वेळा तुटू लागली. ती मुलगी म्हणजे अर्जदाराची सध्याची पत्नी. सध्याची म्हणजे एकुलती एक, गैरसमज नसावा.

त्यानंतर प्रेमपटांची लाट आली. अर्जदाराच्या खांद्यावर स्वेटर आणि हातात प्लास्टिकचा गुलाब आला. वय चाळिशीपार, पोट आत ओढून उभे राहायचे. कॅसेट जाऊन सीडी आल्या, एका थिएटरची चार थिएटरे झाली, आणि शेवटी एकदाची 'मॉल' अशी पाटी लागली. मग मात्र नायकांचे चेहरे इतक्या भराभर बदलू लागले की व्यवस्थापकाने हात टेकले आणि अर्जदारास अस्वल केले. कार्टूनच्या चॅनेलांचे दिवस होते, मुले अस्वलाला मिठ्या मारत. अर्जदार अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून बाहेर बघे आणि सवयीने आतल्या आत हसे. लोक आधी अस्वलाचा फोटो काढत, मग स्वतःचा अस्वलासोबत काढू लागले, मग नुसता स्वतःचा. त्यानंतर लोक घरबसल्या मोबाइलवर खरेदी करू लागले. दुकानांची शटरे एकेक करून खाली आली, आणि एके दिवशी दिवे गेले ते गेलेच. अर्जदाराने अस्वल दाराआडच्या खुंटीला टांगले व तो घरी आला.

४. आपली नोटीस मिळाल्यावर अर्जदार काठी टेकत खात्री करून घेण्यास गेला. गेटवरच्या वॉचमनने त्यास ओळखले नाही, पण माणूस बोलका निघाला. "काका, मी रोज बघतो त्यांना. कुणाला त्रास नाही त्यांचा. गाडी आली की दोन पावलं पुढे येतात, हात हलवतात. गाडी निघून गेली की परत जागेवर. एकाच घरातले दिसतात, नाक बघा ना सगळ्यांचं." चौथ्याचे नाक दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

अर्जदाराने खांबाआडून पाहिले. दारामागे काळोख होता, इमारतीची वीज केव्हाच तोडलेली आहे, तरी छातीवरचे दिवे लुकलुकत होते. डिंकाचा वास आला. तो वास अर्जदार कुठेही ओळखेल. पहिला चोवीस वर्षांचा होता आणि सुंदर होता. आपण कधी इतके सुंदर होतो हे अर्जदारास त्या वेळी कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर त्याने ऐकले नाही. तिसऱ्याने पोट आत ओढले होते. चौथा, म्हणजे अस्वल, हळूहळू अर्जदाराच्या खांबाकडे वळला. त्याने पंजा उचलला, पण हलवला नाही, तसाच धरून ठेवला, ओळखीचा माणूस आहे की नाही अशी शंका आल्यावर आपण धरतो तसा.

इतक्यात अर्जदाराची पत्नी आली. ती रोज संध्याकाळी रक्तदाबासाठी चालायला जाते, अशी अर्जदाराची आजवर समजूत होती. तिच्या हातात डबा होता. ती थेट चंदेरी जाकीटवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, "अरे, किती वाळलायस तू." नमूद करण्याची गोष्ट अशी की, लग्नापासून आजपर्यंत तिने अर्जदारास एकदाही 'तू' म्हटलेले नाही. अर्जदार न राहवून खांबाआडून पुढे झाला. ती मागे वळली, तिने त्याच्याकडे नीट पाहिले, आणि परक्या माणसाला सांगावे तसे म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा. अंधार पडतोय माझ्यावर."

अर्जदार बाजूला झाला व घरी आला.

५. तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही. स्वतःच्याच तरुणपणाविरुद्ध नवऱ्यास तक्रार करता येते किंवा कसे, याबाबतचा नियम अर्जदाराने शोधला, सापडला नाही. पण वस्तुस्थिती अशी की, दिवसभर परक्यांकडे बघून हसणाऱ्या माणसाजवळ घरी आल्यावर हसू शिल्लक राहत नाही, आणि जे पत्नीच्या वाट्याला आले नाही ते दारात चार चार उभे आहे, फुकट, आणि हात हलवते आहे. त्या चौघांपुढे या पाचव्याचा काय पाड लागणार? सबब सदर चौघांना पोलीस बंदोबस्तात हुसकावून लावावे, अथवा पाडकाम लवकरात लवकर उरकून घ्यावे, अशी विनंती करण्यासाठी हा अर्ज लिहिण्यात आला.

६. येथपर्यंत अर्ज लिहून झाला होता. आपल्या कार्यालयातील कारकुनाने सांगितल्यानुसार घरातील एका सज्ञान व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, म्हणून काल संध्याकाळी, पत्नी डबा भरत असताना, अर्जदाराने तो तिच्यापुढे ठेवला व मान फिरवून बसला. तिने चष्मा लावून सगळा वाचला. वाचताना अत्तराच्या काउंटरजवळ एकदा हसली. मग खुर्ची ओढून अर्जदारासमोर बसली. ती जे बोलली ते जसेच्या तसे देत आहे.

"अहो, मी काय त्यांना बघायला जाते? रोज एकच विचारतात चौघं. सुटली का ड्यूटी? घरी जाऊ का? मी म्हणते, अजून नाही, आत गिऱ्हाईक आहे. डबा देते, म्हणजे तिथेच जेवतात. अस्वलाचं डोकं मलाच काढावं लागतं, त्याला एकट्याला जमत नाही. आत तुमचंच तोंड असतं, घामाघूम. तुम्हाला काका म्हटलं ते त्यांच्या देखत म्हटलं. तुम्ही कोण हे त्यांना कळलं असतं ना, तर तुमच्या मागोमाग जिना चढून आले असते. आता म्हणे ती इमारत पाडणार. पाडली की ड्यूटी संपली, मग मी तरी काय सांगून थोपवू? चौघं आले घरी, तर पलंगाची ती एक बाजू, ती एक खुर्ची. तुम्ही कुठे राहाल?"

अर्जदार म्हणाला की ते तरुण आहेत, देखणे आहेत, ते आले तर तुला बरेच वाटेल. त्यावर तिचा पारा चढला. "त्या चौघांबरोबर मी संसार केलाय. त्यांच्या तारा मी जोडल्यात, त्यांचे पाय मी शेकलेत. झालं त्यांचं. मला हे हवेत, गुडघा बदललेले, दिवसभर घरात असणारे. आत्ता कुठे घरात सापडलायत तुम्ही मला."

इतक्या वर्षांत असे कुणी अर्जदाराशी बोलले नव्हते, आणि त्याचे डोळे भरून आले, हे लिहिण्यात त्यास कमीपणा वाटत नाही.

या बोलण्यात अंधार पडला आणि पत्नीचे मॉलवर जाणे राहून गेले. भरलेला डबा ओट्यावर तसाच होता. थोड्या वेळाने जिन्यात पावले वाजली. जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे, तरी दाराखालच्या फटीतून उजेड लुकलुकताना दिसू लागला. डिंकाचा वास आला. दारावर टकटक झाली नाही, कुणीतरी दाराला नुसते टेकून उभे राहिल्यासारखा आवाज झाला. पत्नीने अर्जदारास हाताने स्वयंपाकघरात जायची खूण केली, साखळी न काढता दार बोटभर उघडले, फटीतून डबा सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अजून नाही रे. आज गर्दी आहे. जा, जागेवर जा." पावले खाली उतरत गेली. त्यातले शेवटचे मऊ होते, पंजाचे. सकाळी डबा उंबऱ्यावर सापडला, रिकामा. झाकणाच्या कडेला तपकिरी केस होते.

७. उपरोक्त कारणास्तव वर विषयात लिहिलेले 'हटवण्याबाबत' हे शब्द आणि परिच्छेद ५ मधील संपूर्ण विनंती रद्द समजावी. अर्ज नव्याने लिहून काढण्यास वेळ नाही, आपली यंत्रे उद्या येणार आहेत. आता अर्जदाराचे मागणे एवढेच की, इमारत खुशाल पाडावी, दुकाने, थिएटरे, सरकता जिना, सगळे पाडावे, फक्त मुख्य दरवाजा व त्यापुढच्या पायऱ्या जागेवर ठेवाव्यात. मागे मोकळे मैदान झाले तरी चौघांना कळणार नाही. ते दाराकडे पाठ करून उभे असतात आणि त्यांनी कधी मागे वळून पाहिलेले नाही, ते ड्यूटीत बसत नाही. शक्य झाल्यास आपल्या कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याने घरी जाताना त्या दरवाजातून आत गेल्यासारखे करावे, म्हणजे मॉल चालू आहे असे त्यांना वाटत राहील. पिशवी हातात असल्यास उत्तम. त्यांनी हसून स्वागत केल्यास उलट हसावे, एवढी साधी गोष्ट फार थोडे लोक करत असत.

दरवाजा कायमचा ठेवावा असे अर्जदाराचे म्हणणे नाही. अर्जदार हयात आहे तोवर ठेवावा. त्यानंतर पत्नी स्वतः तिथे जाऊन ड्यूटी संपल्याचे सांगणार आहे, मग दरवाजा पाडण्यास कोणाचीही आडकाठी राहणार नाही. त्या वेळी ते घरी येतील त्याचे काय, असे अर्जदाराने तिला विचारून घेतले आहे. तेव्हा पाचही जण आले तरी आपली हरकत नाही, असे तिने सांगितले.

आदेश होईपर्यंत घरातच असणारा,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार, निवृत्त स्वागतक

साक्षीदार : (सही) अर्जदाराची पत्नी

दिनांक : पाडकामाच्या आदल्या दिवशी, सकाळी

सोबत : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नोटिशीचा दारापासून सुटलेला भाग.