लॅकीच्या होडीतील फुले

आर्डमोरॅन, खाडीकाठ
दि. ३ जून १९७४

चि. इशबेल हिस टॉर्मडचे अ. उ. आ.
ग्लासगोतले घर सोडून सप्टेंबरात तू कायमची माझ्याकडे येणार, हे वाचून वरची खोली झाडून घेतली. हेरिंग मासळी या किनाऱ्याला विसरल्यापासून येथे जाळ्यांपेक्षा पर्यटक अधिक. दीपगृह आता आपोआप पेटते, रखवालदार गेला. ग्रामसमितीने त्याचे अंगण सजवायचे ठरवले आणि अध्यक्ष मीच असल्याने माझी धावपळ झाली. फुले लावली, एक जुनी होडी रंगवली. बाकी विशेष नाही.
उत्तर शक्य तितके शुद्ध लिहावे. लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा टॉर्मड

ग्लासगो, दि. ११ जून

ती. दादास इशबेलचा सा. न.
पत्र पोचले. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका तू तांबड्या शाईने दुरुस्त करून पाठवल्यास, त्याही पोचल्या. सत्तरीच्या बहिणीला आता तरी पास कर.
आल्यावर आधी लॅकीच्या होडीपाशी जाईन. माझा नवरा बुडाला, होडी तेवढी परत आली. माणूस गमावलेल्या होडीला आपल्याकडे कुणी हात लावत नाही. ती किनाऱ्यावर आपली आपण माती होते. मला थडगे म्हणून तेवढेच आहे. भोवती रान फार माजले आहे का, ते कळव.
लोभ ठेव, चुका सोड.
इशबेल

आर्डमोरॅन, दि. १९ जून

चि. इशबेल हिस,
आज आशीर्वाद लिहिण्यास हात धजत नाही. रंगवलेली जुनी होडी लॅकीचीच. समितीतला कॅलम बेटन म्हणाला की रीत पाळायला मासेमार उरलेत कुठे, आणि होडी तर नुसती कुजते आहे. मी होकार दिला. तू नको म्हणशील हे ठाऊक होते, म्हणूनच तुला विचारले नाही. तळाला भोके पाडून माती भरली. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला असलेल्या नावावर पांढरा रंग देऊन 'पाहुण्यांचे स्वागत असो' ही अक्षरे मी स्वतः काढली. ती सुरेख आली, याचा त्या दिवशी आनंदही झाला. आता दीपगृहाची वाट टाळतो.
तू येणार नसशील, तर तसे लिही. लोभ उरला असल्यास असू दे.
टॉर्मड

ग्लासगो, दि. २७ जून

ती. दादास सा. न.
तिथल्या पाद्र्यांच्या बायकोने मे महिन्यातच मला त्या होडीचा फोटो पाठवला होता. फोटोच्या पाठीवर तिने लिहिले होते, फुले छान. तू कधी सांगतोस याची वाट पाहत होते. 'एक जुनी होडी' वाचल्यावर तुझे पत्र चुलीत घालणार होते. मग रानाचे विचारले, म्हटले आणखी एकदा बघू.
होडी पुन्हा किनाऱ्यावर ओढू नकोस, ते मला बघवणार नाही. फुले राहू देत. लॅकीला फुलांनी शिंका यायच्या, ते त्याचे तो बघेल.
सप्टेंबरात मी येते. त्याआधी ती स्वागताची अक्षरे खरवडून काढ आणि तिथे होडीचे नाव पुन्हा लिही, त्याच सुरेख अक्षरात. मी पाहुणी म्हणून येत नाहीये.
लोभाचे तेव्हा बघू.
इशबेल