मेव्हचं बूड, माझी जबाबदारी

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

क्लॅरिस पहिल्या फेरीबोटीने गेली. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात तीन दिवसांचं ट्रेनिंग, मग नोकरी. आठ महिन्यांची मेव्ह माझ्या ताब्यात. जावई ड्वेन तिकडे देशाच्या पार पलीकडे, अल्बर्टात, तेलाच्या कामावर. रोज फोन करून म्हणतो, सगळं विका आणि इकडे या. क्लॅरिसने मला जाताना स्पष्ट सांगितलं, बाबा, तुम्हाला पोर सांभाळता आली तर मी ही नोकरी घेते आणि आपण इथेच राहतो. नाही जमलं तर अल्बर्टा.

म्हणजे माझी मुलगी आणि नात या बेटावर राहणार की नाही, ते माझ्या हातात आहे. निश्चिंत झालो.

उभा जन्म दीपगृह सांभाळलं. एकदाही दिवा विझू दिला नाही. शिवाय तीन मुलं वाढवली. म्हणजे मी वर दिवा बघत होतो आणि माझी बायको बर्था खाली मुलं बघत होती, पण घर एकच होतं. अनुभव तो अनुभव.

क्लॅरिसने दारात उभं राहून काही सूचना दिल्या. डायपर ओला झाला की लगेच बदला, कोमट पाण्याने धुवा, ते पांढरं मलम जाड थापा. दोनदा सांगितलं. मी मान हलवली. तिच्या खांद्यामागे आकाश नुसतं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं दिसत होतं. शाळेत मिस टकर अशा आकाशावर आम्हाला निबंध घालायच्या.

संकल्प : मेव्हला रोज एक कविता. सुरुवात जहाज बुडतं त्या मोठ्या कवितेने. अजून सगळी कडवी पाठ आहेत.

संध्याकाळ.

पोरगी रसिक निघाली! कप्तान मुलीला डोलकाठीला बांधतो तिथे एकदम गप्प झाली. डोळे विस्फारले, मुठी आवळल्या, चेहरा लाल. असा श्रोता मला मिस टकरनंतर प्रथमच मिळाला. नंतर थोडा वास आला. पण कविता मध्येच तोडायची नाही, हा शाळेतला संस्कार. उरलेलं संपवलं, मग बदललं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

बूड किंचित गुलाबी. वयाचा रंग असावा.

दुपार.

गुलाबी म्हणता येणार नाही. सूर्यास्त म्हणता येईल.

संध्याकाळ.

उकडलेला लॉबस्टर.

दोष डायपरचा आहे. दुकानातली प्लास्टिकची वस्तू. आमच्या मुलांच्या वेळी फडकी असत. दोरीवर वाळत घातलेली फडकी वाऱ्यात अशी फडफडत, जणू शिडांचा ताफा निघालाय. बर्था तोंडात चिमटे धरून उभी. मी वरून, दिव्याजवळून, ते बघत एक कविता केली होती. बर्था म्हणाली होती, कविता पुरे, खाली या आणि दोन फडकी पिळा. गेलो नसेन बहुतेक.

क्लॅरिसचा फोन आला. काय म्हणते माझी बाय, असं विचारलं. मी म्हटलं, मजेत. अगदी खरं आहे. त्या क्षणी मेव्ह झोपलेली होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

वारा. फेरीबोट रद्द. उद्याचंही सांगता येत नाही म्हणतात. क्लॅरिस तिकडे अडकली, मी इकडे. खिडकीबाहेर समुद्र नुसता दूध उतू गेल्यासारखा. एरवी यावर चार ओळी सुचल्या असत्या. मेव्ह मांडीवरून खाली ठेवू देत नाही, आणि ठेवलं की बूड टेकतं म्हणून किंचाळते. उभ्याने धरून स्वयंपाकघरात फेऱ्या. लाकडाचा स्टोव्ह ते खिडकी, खिडकी ते स्टोव्ह. दीपगृहाचा जिना याहून ऐसपैस होता.

फिलोमिनामावशी नेहमीप्रमाणे सरळ आत आली. दार लावून घ्यावं तर गावात बातमी होते की लिअँडर मेला. मी मेव्हला चटकन पाठीमागे घेतलं, पण तेवढ्यात तिने रडून घोटाळा केला. मावशीने डायपर उघडून पाहिलं आणि म्हणाली, अरे लिअँडर, हे बूड आहे का शेगडी? भाजलेलं पीठ लाव. बर्था लावायची नाही का? पाव करायचं पीठ ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाज, गार कर, चाळ आणि लाव. एवढं तरी जमेल ना, की त्यालाही कविता लागेल?

मी म्हटलं, मावशी, हे जुनं झालं आता. ती गेल्यावर पीठ काढलं.

दुपार.

जरा गडबड झाली. महत्त्वाची नाही, पण नोंद असावी.

पीठ ओव्हनमध्ये ठेवलं आणि तो वास सुटला. पहिल्या बाळंतपणानंतर बर्था ओव्हनसमोर बसलेली, एप्रनला पीठ, हातात चाळणी, स्टोव्हचा उजेड गालावर. मी खिडकीशी बसून त्या उजेडाला शब्द शोधत होतो. सापडलाही होता. इतक्यात छताचा अलार्म किंचाळू लागला.

ओव्हनमधून धूर. मेव्ह अलार्मच्या वरच्या पट्टीत. शेजारचा हॅरल्ड धावत आला. तो गावच्या अग्निशमन दलात आहे. त्याच्या मागून उरलेलं दल आलं. चार माणसं, एक कुऱ्हाड, एक नळकांडं. पांढरा फेस सगळीकडे. हॅरल्ड म्हणाला, काका, मावशीने पीठ भाजायला सांगितलं होतं, घर नाही.

मग चौघे बूट न काढता मेव्हभोवती उभे राहिले आणि बूड बघू लागले. एक म्हणाला कॉर्नस्टार्च. दुसरा म्हणाला डुकराची चरबी. तिसरा म्हणाला, आमच्या धाकट्याला असंच झालं होतं, आपोआप गेलं. हॅरल्ड म्हणाला, कॉड माशाच्या लिव्हरचं तेल, काका, दुसरं काही बघू नका. चहा मला करावा लागला. मेव्ह त्या गर्दीत हसत होती. तिला संकटाची कल्पना नाही, हे एक बरं.

जाताना हॅरल्डने विचारलं, क्लॅरिसला सांगितलंत का? मी म्हटलं, तिच्या ट्रेनिंगमध्ये व्यत्यय नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

फेरीबोट रद्द.

पिठाचा दुसरा घाणा उत्तम. ओव्हनसमोरून हललो नाही. बदामी रंग, रेशमासारखं. सढळ हाताने लावलं. मावशीचा एक मुद्दा मात्र राहून गेला : पीठ आणि ओल एकत्र आली की काय होतं. ग्रेव्ही होते. रंगही तोच. डायपर खराब झालाय की औषध काम करतंय, ते ओळखणं माझ्या बुद्धीपलीकडचं. तासभर औषधच काम करतंय असं धरून चाललो. तसं नव्हतं.

बूड आणखी लाल. कडांना बारीक पुटकुळ्या.

दुपार.

हॅरल्डचं तेल. मेव्ह ओरडली. शेजारची मांजर आत आली आणि आता जायला तयार नाही.

नर्सच्या हेल्पलाइनला फोन केला. स्वतःसाठी नव्हे, केवळ दुसरं मत म्हणून. आवाज तरुण होता. पीठ नको, पावडर नको, माशाचं तेल नको, म्हणाली. कोमट पाण्याने धुवा, चोळू नका, टिपून कोरडं करा. दिवसातून बराच वेळ डायपरशिवाय मोकळं राहू द्या. मग झिंकचं मलम जाड थर देऊन लावा. दोनेक दिवसांत कमी नाही झालं, पुटकुळ्या पसरल्या किंवा ताप आला तर डॉक्टर. मी म्हटलं, बाई, फेब्रुवारी आहे, उघडं ठेवायचं कसं? तर म्हणाली, घरात स्टोव्ह नाही का? मग विचारलं, डायपर किती वेळाने बदलता? मी म्हटलं, कविता संपली की. तिने ते मला पुन्हा सांगायला लावलं. प्रभावित झाली असावी. मग म्हणाली, आजोबा, कविता छोटी निवडा.

आजोबा! मी तिला माझं वय सांगितलंही नव्हतं.

सगळं धुऊन टाकलं. संध्याकाळी क्लॅरिसचा फोन. मी म्हटलं, सगळं छान. ती म्हणाली, नक्की ना बाबा? आवाज जरा वेगळा वाटला. वाऱ्यामुळे लाइन खराब असणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

फेरीबोट रद्द.

स्टोव्हजवळच्या कोचावर टॉवेल, टॉवेलवर मेव्ह, उताणी नाहीतर पालथी, पूर्ण उघडी. ती उलटायला शिकली आहे, हे क्लॅरिसने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आकाशाच्या वेळी. एक हात तिच्या पोटावर ठेवून बसावं लागतं. उठता येत नाही. चहा स्टोव्हवर, मी कोचावर, मध्ये चार पावलं, आणि तो आटताना बघायचा. कवितेचं पुस्तक हाताला लागलं तेवढाच आधार. छोटी कविता काढली. वसंत ऋतूची. पहिल्या कडव्यालाच पुस्तक भिजलं. मग पँट. मग दुसरी पँट. तिसरी बर्थाच्या कपाटाजवळ वाळत होती, म्हणून तात्पुरता बर्थाचा फुलाफुलांचा गाऊन घातला. उबदार आहे. ती हिवाळ्यात एवढी आनंदी का असायची, ते आता कळलं.

याच वेळी फोन वाजला. उचलताना चुकीचं बटण दाबलं गेलं आणि क्लॅरिस पडद्यावर दिसू लागली. म्हणजे मीही तिला दिसू लागलो. मी गाऊनमध्ये. मेव्ह नागडी. टेबलावर मांजर लोणी खाताना. मागे भिंतीवर वाळलेला फेस आणि ओव्हनच्या वर काळा पट्टा. क्लॅरिसने फोन डोळ्यांजवळ नेला. मी म्हटलं, हवा देतोय. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का आज? मी म्हटलं, चहा होतोय. तेवढ्यात मागे किटली जळाल्याचा वास आला.

दुपारभर विचार केला. वरवर दृश्य गोंधळाचं दिसलं असेल, पण मुलीला बापाची निष्ठा दिसल्याशिवाय राहणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

उतरलं!

पुटकुळ्या बसल्या. लाली गेली, नुसती फिकट छटा उरली. मेव्ह टेकून बसली आणि रडली नाही. काल दिवसभर उघडं ठेवलं, ओलं झालं की तिथल्या तिथे टिपलं, मलम केकवरच्या आयसिंगसारखं लावलं. अर्थात मुळात गुण पिठाचा असणार, हवेने फक्त तो बाहेर काढला. आनंदाच्या भरात चार ओळी झाल्या, पैकी दोन अशा :

हे पूर्णचंद्रा, सांग मला रे, डाग तुझा तो गेला कोठे?
मधोमध ही रेघ कुणाची, कुणी ओढली, कशास वाटे?

मिस टकर असत्या तर दुसऱ्या ओळीत मात्रा मोजल्या असत्या.

वारा पडला. उद्या फेरीबोट सुटणार. म्हणजे मी जिंकलो. बेट, मुलगी, नात, सगळं. संध्याकाळी हॅरल्ड मांजर न्यायला आला आणि बूट काढताना सहज म्हणाला, क्लॅरिसला काळजी करू नको म्हटलंय, आम्ही आळीपाळीने डोकावतोय. मी म्हटलं, कोण आम्ही? म्हणाला, सगळेच. बुधवारपासून. ती रोज फोन करते मावशीला.

गावाला उद्योग नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

क्लॅरिस आली. धक्क्यावरून धावत. कोट न काढता मेव्हला उचललं, डायपर उघडला. बूड जवळजवळ स्वच्छ. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. ती म्हणाली, बरं आहे की. एवढंच. फार भावूक झाली की ती कमी बोलते.

मग तिने ओव्हन पाहिला. छत पाहिलं. किटली पाहिली, किटलीचा तळ पाहिला. फ्रिज उघडला. म्हणाली, बाबा, सोमवारी मी करून ठेवलेलं मटण तसंच आहे. तुम्ही आठवडाभर काय खाल्लंत? मी म्हटलं, बिस्किटं, आणि मेव्हचं उरलेलं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, आई गेल्यावर, मी इथे राहायला येण्याआधी, मागचा हिवाळाभर एकटे कसे राहिलात तुम्ही? मी म्हटलं, छान. तिचे डोळे भरले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कृतज्ञता कधीकधी अशी बाहेर पडते.

मग बाहेर जाऊन ती ड्वेनशी बराच वेळ फोनवर बोलली. तिला इथेच राहायचं आहे, हे त्याला समजावत असणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

निर्णय झाला. क्लॅरिसने तो दोन्ही हात माझ्या हातावर ठेवून सांगितला, बर्था ठेवायची तसे.

वृद्धाश्रमाची नोकरी ती घेत नाही. अल्बर्टाला जायचं. मी म्हटलं, पण बूड बरं झालं ना! ती म्हणाली, हो बाबा, मेव्हचं काही नाही. मेव्हची मला काळजी नव्हतीच, तिच्यावर सगळं गाव लक्ष ठेवून होतं. तुमची वाटली. तुम्हाला एकटं ठेवून जाणार नाही आता. तुम्हीही चला.

मी म्हटलं, मी विचार करतो. ती म्हणाली, तिकिटं काढलीत.

ड्वेनने घर बघितलंय. तळघरात स्वतंत्र खोली, माझ्यासाठी. हीटर आहे. स्टोव्ह नाही, मुद्दाम. मी विचारलं, खिडकी आहे का? क्लॅरिसने फोन करून विचारलं. आहे म्हणे. मी विचारलं, तिच्यातून काय दिसतं? तिने पुन्हा विचारलं. ड्वेन म्हणाला, पार्किंग. पण मोठं आहे.