चिमणी हिरवीच होती

प्रिय ताई,

सोमवारी तू बंदराच्या ऑफिसात अर्ज देणार आहेस, म्हणून हे पत्र रविवारीच तुझ्या हातात पडायला हवं. फोन का नाही केला म्हणशील. चार वेळा केला. चारही वेळा आईचा वॉकर, आईच्या गोळ्या, आईची कुरकुर एवढंच बोललो आणि ठेवून दिला. लहानपणी काच फुटली की मी पलंगाखाली जाऊन बसायचो आणि माझ्या वाटचा मार तू खायचीस. आता पन्नाशीला आलो तरी पलंगाखालीच आहे.

आईने तुझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवले आणि तुला दोन दिवस मीठ सापडलं नाही, हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे खुब्याचं हाड सांधतंय. तिला म्हणावं, जरा दमानं.

चिमणी मी किती मिरवत आणली होती, आठवतं? उठलीस का, जेवलीस का, या आपल्या फोनांना आई वैतागली होती. मी काय तुरुंगात आहे, रोज हजेरी द्यायला, म्हणायची. मग मी ते यंत्र शोधून काढलं. तिच्या चहाच्या किटलीला एक प्लग, आणि तुझ्या-माझ्या घरी तळहाताएवढा एकेक दिवा. आईने सकाळी किटली लावली की इंटरनेटवरून आपले दिवे हिरवे. नऊ वाजेपर्यंत नाही लावली, तर पिवळे. तिच्या लहानपणी रॉकेलच्या दिव्याला चिमणी म्हणायचे, म्हणून तिने त्याचं नावच चिमणी ठेवलं. भावोजींनी दिवा उलटापालटा करून विचारलं, कंपनी बुडाली की हिचं काय? मी म्हटलं, तुम्ही म्हणजे नाट लावण्यात पटाईत. सगळे हसले. आणि तू रोज क्रेनवर चढायच्या आधी आईला फोन करायचीस, तो मीच बंद करायला लावला. चिमणी हिरवी असताना फोन कशाला, उगाच तिची झोपमोड, असं मीच म्हणालो होतो.

ताई, कंपनी बुडाली. त्यांचं पत्र मला महिनाभर आधी आलं होतं, ईमेलवर. यंत्र माझ्या नावावर होतं, म्हणून फक्त मलाच. अमुक शुक्रवारपासून सेवा बंद, दिवे शेवटच्या रंगावर तसेच राहतील, त्यानंतर त्यांच्यावर विसंबू नये. दिवसभर मी दुकानात लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवतो आणि म्हणतो, आता शेवटची ओळ वाचा. ही शेवटची ओळ मी स्वच्छ वाचली होती. सांगितलं नाही, कारण भावोजी हसले असते. बस, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला तरी जरा बरं वाटलं असतं. म्हटलं, दुसरं यंत्र आणू आणि गुपचूप बदलून टाकू, कोणाला कळणारही नाही. तोवर रोज सकाळी मीच काहीतरी निमित्त काढून आईला फोन करायचं ठरवलं. शनिवारी केला, रविवारी केला, सोमवारी केला. मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच दोन गिऱ्हाइकं दारात उभी होती, राहून गेला. दुपारी आठवलं. म्हटलं, संध्याकाळी करू.

त्या मंगळवारी सकाळी सातला आई किटली भरून वळली आणि घसरली. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई कात्री परत द्यायला आल्या तेव्हा पाच वाजले होते. दहा तास ती फरशीवर होती.

हॉस्पिटलच्या जिन्याशी तू मला काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "अरे, आज माझी सुट्टी होती. अकरा वाजता मी चिमणीकडे बघितलं. मला हिरवी दिसली रे." तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण भावोजी पलीकडे औषधांची पिशवी धरून उभे होते, आणि मी म्हटलं, होतं असं कधी कधी, या वयात पिवळं-हिरवं फसवतं. चष्मेवाला भाऊ म्हणाला म्हटल्यावर तू कशाला शंका घेशील? त्याच संध्याकाळी तपासायच्या नावाखाली तुझी चिमणी मी उचलून आणली. दुकानाच्या खणात ती अजून पडून आहे.

मग आठवड्याने तू दुकानात आलीस, खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, बघ नीट. मी रंग ओळखायच्या तपासणीचं, ठिपक्यांत आकडे लपलेलं पुस्तक उघडलं. तू एकूण एक आकडा बरोबर वाचलास. एकदाही चुकली नाहीस. आणि मी पुस्तक मिटून म्हटलं, ठीक आहे, पण थकल्यावर भरवसा नाही. एवढं खोटं मी आयुष्यात कोणत्या गिऱ्हाइकाशी बोललो नाही. एकोणीस वर्षं तू उंचावरून कंटेनरवर कंटेनर बसवतेस, एक वाकडा नाही. खालचे दिवे बघून काम करायचं, माणसं खाली उभी असतात, मला आता ते जमायचं नाही, क्रेन सोडायचा अर्ज देते, असं तू म्हणालीस. मी मान खाली घालून भिंगं पुसत राहिलो.

मागच्या रविवारी तू बाजारात गेली होतीस, तेव्हा मी आईची नखं कापत होतो. ती आपणहून बोलायला लागली. भिंतीवरचं घड्याळ तिला पडल्या जागेवरून दिसत होतं. "नऊ वाजायची वाट बघत होते रे. म्हटलं, आता पिवळी होईल, मग पोरं येतील." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कामात असाल तुम्ही." तिला वाटतं, चिमणी पिवळी झाली, आपण दोघांनी पाहिली आणि गेलो नाही. आणि तिने ते पोटात घातलंय. जे तू केलंच नाहीस, तेही.

तेव्हा ऐक. उद्या सकाळी मी तुझ्या दारातून हे पाकीट सरकवतो आणि खाली बाकावर बसतो. वाचून झालं की वर बोलाव किंवा बोलावू नकोस. बोलावलंस तर आईला आणि भावोजींना मीच सांगेन, तुझ्यासमोर. सोबत तुझ्या तपासणीचा कागद आहे, सही-शिक्क्यासह, जो त्याच दिवशी द्यायला हवा होता. तो अर्ज फाडून टाक. तू अकरा वाजता बघितलंस तेव्हा चिमणी हिरवीच होती. तुझे डोळे चांगले आहेत, ताई. चुकीचं दिसलं नव्हतं तुला काही.

तुझाच,
ठोंब्या