धुळ्याचा एकच लॉगिन

२ फेब्रुवारी, सोमवार

अकराला आमच्या जळगाव ऑफिसात पुण्याहून साहेबांचा फोन. धुळ्याची खोली, म्हणजे आपलं तिथलं एका बाईचं ऑफिस, बंद करायची म्हणतात. पसारा आवरायचाय. कशावरून, असं विचारलं. "मॅडम, रत्नाबाई तिथे दिवसभर काय करतात, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?" नाही माहीत. पण न बघता बंद करणं मला मान्य नाही, ते बोलून दाखवलं. क्लाउडवर आपली तीन ॲप चालतात. तिन्हींना मोजमाप लावू, दर मिनिटाला आकडे गोळा करू: कोण येतं, किती वेळा, कुठे अडतं. मग बोलू. साहेब म्हणाले, "ठीक. महिनाअखेरपर्यंत. ज्याला वापर नाही ते बंद."

हो म्हटलं. ही अट मीच ओढवून घेतली, हे लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी

आकडे गोळा करणारी सेवा उभी केली. रावेरच्या बागांच्या कापणीच्या पाळ्या लावणारं 'केळी', मग 'दूध', मग धुळ्याचं 'गुरं'. साक्रीकडे जनावर आजारी पडलं की 'गुरं'वर नोंद होते आणि जवळचा डॉक्टर निघतो. पहिली दोन लगेच बोलू लागली. 'गुरं' गप्प. दोन तास गेले. मी ते नुसतं बंद करून चालू केलं होतं. सेवा जोडली की ॲप नव्यानेच चढवावं लागतं. शिकलेली गोष्ट विसरले. वय.

शेजारच्या टेबलावरून मनोहरभाऊ: "अक्का, थर्मामीटर लावून ताप उतरत नाही." म्हटलं, निदान ताप आहे की नाही ते तरी कळेल. तुम्ही तुमचं काम करा.

५ फेब्रुवारी

'गुरं' बोलतंय! दर अर्ध्या मिनिटाला एक हाक, दिवसरात्र, खंड नाही. रेघ सरळ, भरीव. साहेबांना फोन करून सांगितलं की धुळं चोवीस तास चालू आहे. आवाजात जरा ताठा होता माझ्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

चुकले. ती हाक माणसांची नव्हे. क्लाउडचा प्लॅटफॉर्मच स्वतः दर तीस सेकंदाला ॲपला विचारतो, जिवंत आहेस का? ते म्हणतं, आहे. तेवढंच मी मोजत होते. आज ते गाळलं. 'केळी'वर शेकड्याने माणसं दिसतात. 'दूध' बरं आहे. 'गुरं'वर एकच लॉगिन. धुळ्याचं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. रत्ना.

शेतकरी एकही नाही.

साहेबांना परत फोन करून शब्द मागे घ्यावे लागले. ते नुसतं म्हणाले, "बघा."

१० फेब्रुवारी

रत्नाला फोन केला. "हो मॅडम, सगळं ठीक." चार शब्दांत आटोपलं. मागे कुणीतरी बोलत होतं. बाई काहीतरी लपवते आहे. परवा जाते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. धुळे

सातची एस.टी. पारोळ्यापर्यंत उभ्याने प्रवास. गुडघा धरला.

पशुखाद्याच्या दुकानावरची खोली. रत्नाकडे दोन मोबाईल, एक कानाला, दुसरा वाजतोय. मला बघून उभी राहिली खरी, पण कानाचा फोन काढला नाही. पलीकडे पिंपळनेरच्या पुढच्या पाड्यावरचा कुणी: "गाय उठस नही व ताई, चारा खास नही, डाक्टरले धाड." ही त्याला अहिराणीतच सगळं सांगायला लावते, "बठ्ठं सांग भाऊ, घाई नको करू. कोणतं गाव शे?" एका हाताने ॲपमध्ये नोंद. फोन ठेवला की दुसरा.

एक वाजेपर्यंत मी स्टुलावर बसून हेच बघितलं. मग विचारलं, लोक स्वतः ॲप का उघडत नाहीत?

"मॅडम, ॲपला नेट लागतं. पाड्यावर नुसता फोनच लागतो. नेटसाठी टेकडी चढावी लागते. तोवर गाय थांबते का?"

नोंदी तर तुझ्याच नावावर पडतात, मग हे सगळे फोन कुणाचे ते कुठे लिहिलंय?

तिने खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दोन वर्षांपूर्वीचं परिपत्रक. 'फोनवर नोंदी घेणे तात्काळ बंद करावे. पशुपालकांना ॲपकडे वळवावे. फोनची नोंदवही यापुढे ठेवू नये.' खाली सही माझी.

"तुम्ही रागावाल म्हणून सांगितलं नाही. फोन बंद नाही केले. वही तेवढी बंद केली."

तिने डबा उघडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. अर्धी मला दिली. भाकरी खाता खाता तीन फोन घेतले तिने.

१३ फेब्रुवारी

मनोहरभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? वीस-पंचवीस खोटी नावं घालतो, दिवसातून चारदा लॉगिन फिरवतो. साहेबांना पुण्यात बसून काय कळणार?" बी.एस्सी.ला प्रयोगवहीत आकडा खोडलेला दिसला की आमचे सर पान फाडायचे. मी नाही म्हटलं. "मग बुडा तत्त्वात," म्हणाले. रागाने नाही. काळजीने म्हणाले असावेत.

१६ फेब्रुवारी

खरा मार्ग. रत्नाच्या नोंदीत दोन नव्या चौकटी: फोन करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा नंबर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवरून बोलला तरी माणूस वेगळा मोजला जाईल. त्या भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. त्यावरून नवा आकडा: दिवसात किती वेगळ्या माणसांनी धुळ्याला फोन केला. संध्याकाळपर्यंत रेघ चढली. ही खरी.

१७ फेब्रुवारी

चढतेच आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना पडद्यावर दाखवलं. पाड्यांची नावं वाचून दाखवली. नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मॅडम, फोन म्हणजे वापर नव्हे. ॲप येऊन दोन वर्षं झाली तरी एकही माणूस त्यावर येत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. आणि मोजलंय तुम्हीच. उत्तम मोजलंय."

म्हटलं, रत्ना आहे म्हणून डॉक्टर पोचतो. "रत्नाबाई चांगल्याच आहेत हो. प्रश्न त्यांचा नाहीये."

मग कुणाचा, हे विचारायचं राहिलं. एरवी माझं असं काही राहत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रत्नाचा फोन, आपणहून. नव्या चौकटींमुळे एकेका फोनला दुप्पट वेळ लागतो. स्वतःचा नंबर कुणाला पाठ नसतो, फोन शेजाऱ्याचा असतो, मग तो नंबरासाठी घरच्यांना हाका मारतो. शुक्रवारी एका पाड्यावरून एकाने पाच वेळा फोन लावला. दोन्ही लाईन गुंतलेल्या. शनिवारी लागला तेव्हा म्हणाला, आता डॉक्टर नको. विताना रेडकू अडून म्हैस गेली. दोन्ही गेली.

हे तिने सरळ सांगितलं, एखादी नोंद वाचावी तसं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुपारी दोन्ही चौकटी काढून टाकल्या. मनोहरभाऊ मागे येऊन उभे. "अक्का, तुमच्या हातात पुरावा तेवढाच होता." माहीत आहे. ॲप परत चढवलं. चारपासून ती रेघ शून्यावर. खाली सपाट.

२५ फेब्रुवारी

साहेबांना तीन पानी पत्र. परिपत्रक माझं होतं, हेही लिहिलं. चूक माझी, शिक्षा धुळ्याला नको, असं शेवटी. उत्तर दोन ओळींत: प्रामाणिकपणाबद्दल आभार, निर्णय कायम.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याहून रत्नासाठी पत्र आलंय. एक तारखेपासून धुळ्याचे दोन्ही फोन बंद. तिला जळगावात 'केळी'च्या कामावर घेतील. खाली माझ्या सहीची जागा. नवरा, सासू, दोन मुली धुळ्यात, ती कशी येणार? सही केलेली नाही. न केल्याने फोन चालू राहणार नाहीत, तेही कळतं.

मनोहरभाऊंना विचारलं, लोकांना माझा स्वतःचा नंबर दिला तर? "तुम्हाला अहिराणी येते का, अक्का?" समजते. बोलता येत नाही. चाळीस वर्षं खानदेशात राहून.

दुपारी रत्नाला फोन केला. पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आताच एकाने विचारलं, रविवारी कुठे फोन करू? त्याची गाय दोन-चार दिवसांत व्यायची आहे. काय सांगू त्याला?"

म्हटलं, थांब, सांगते.

"बरं," म्हणाली. तिकडे दुसरा फोन वाजायला लागला. "मॅडम, घेते हा," म्हणाली आणि माझा ठेवला.