मोत्यांचा भार की मोत्यांचा हार

गुरुजी, तुमची ज्वारीच्या ताटाची कविता मी इंटरनेटवर ठेवलीय. इंटरनेट ही तुम्ही गेल्यावर आलेली गोष्ट. एखादी लय मोठी जत्रा समजा, जिथं सगळं मांडलेलं असतं, पण नेमकी हाक मारल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. तुमची कविता कुठं छापून आली नाही. पेडगावच्या शाळेत तुम्ही ती आमच्याकडून म्हणवून घेतलीत आणि ती आमच्या तोंडातच राहिली. पहिली दोन कडवी मला झोपेतही येतात, तिसरं येत नाही. आमच्या वर्गातले जे गावात राहिले त्यांना विचारून झालं. कोणाला पहिलं कडवं येतं, कोणाला नुसती चाल. मी सत्तरी ओलांडलीय. कुठंतरी कोणालातरी ते तिसरं कडवं येत असेल, त्याला माझं पान दिसावं आणि त्यानं मला ते कळवावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पानाला मी मोठ्या हौसेनं नाव दिलं, 'स्मृतिगंध'. एक माणूस फिरकला नाही. माझी सून घरी बसून दुकानांच्या वेबसाइटची कामं करते. कोणी काही शोधलं की आपलं दुकान यादीत वर कसं दिसेल ते ती बघते; जिंतूरच्या बियाणेवाल्यापासून परभणीच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत तिची गिऱ्हाइकं. तिनं माझं पान पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "मामा, स्मृतिगंध कोण शोधणार? अगरबत्ती घेणारे." मी म्हणालो, मग 'ताट' लिहू. तिनं तो शब्द शोधून दाखवला. स्टीलची ताटं आली, लग्नातली ताटं आली, हळदीकुंकवाची सजवलेली ताटं आली. शेतात उभं असलेलं, ज्वारीचं, एकही आलं नाही. "तुमाला काय आवडतंय ते राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या वर्गातलं माणूस काय म्हणून शोधंल, ते सांगा." उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तुम्हाला आवडलं नसतं.

आजही मला दिसतं, तुम्ही फळ्यापाशी उभे आहात. फळ्याला तुम्ही तख्ता म्हणता. निजामाच्या राजवटीत तुमचं शिक्षण उर्दूत झालं, मराठी कविता तुम्हाला मोठेपणी भेटली, म्हणून तुम्ही तिला नव्या नवरीसारखं जपता. तुम्ही म्हणता, "ताठ उभे हे ताट ज्वारीचे, शिरी तयाच्या मोत्यांचा भार." आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, मोत्यांचा हार. तुम्ही डस्टर आपटता. "हार नवरदेवाला. कणसाला भार. पुन्हा म्हणा." पुन्हा हार. मागून कोणीतरी म्हणतं, "गुरुजी, मोत्याचं वझं कोण वाहतंय? हारच करतेत की." वर्ग फिदीफिदी हसतो आणि तुम्ही घाईनं तख्त्याकडं तोंड करता, पण तुमचे खांदे हलताना आम्हाला दिसतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला शाळेमागच्या रानात नेलंत. प्रत्येकाच्या तळहातावर भरलेलं कणीस ठेवलंत आणि हात ताठ धरायला लावलात. हात भरून आले तेव्हा म्हणालात, "याला म्हणतेत भार." मग त्याच कणसांचा हुरडा भाजून खाऊ घातलात. आम्ही मान डोलावली, हुरड्यानं तोंड काळं करून घेतलं आणि येताना रस्ताभर मोत्यांचा हार म्हणत आलो.

हे सगळं सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "मग हारच लिहा."

"चुकीचं लिहू?"

"चुकीचं न्हाई ओ, लोकांच्या तोंडचं लिहा. बरोबर काय ते खाली सांगा. माणूस दारात तर येऊ द्या."

मथळा झाला, 'मोत्यांचा भार की मोत्यांचा हार? पेडगावच्या शाळेतली ज्वारीची कविता'. मला हुरूप आला. पानाच्या तळाशी मी 'मोत्यांचा हार' ओळीनं लिहीत गेलो, वर्गात शिक्षा म्हणून लिहायचो तसं. तिनं ते सगळं पुसलं. "मामा, असं केलं की ते शोधणारं मशीन पान वर न्यायचं सोडून खाली ढकलतंय. त्याला घोकंपट्टी कळते." मला तुमचीच आठवण झाली, तुम्हालाही ती लगेच कळायची. मग तिनं पहिल्याच वाक्यात शाळा, गाव आणि कविता कशावर आहे ते सरळ लिहायला लावलं. गावाची माहिती देणाऱ्या एका पानावरून आपल्या पानाकडं वाट, तिच्या भाषेत लिंक, काढून घेतली. दुसऱ्यानं आपलं नाव घेतलं की पत वाढते म्हणे. आणि म्हणाली, "आता धीर धरा. पेरलं की लगेच उगवतंय का?"

कापूस वेचून झाला, ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर डोकावायच्या बेतात होती, तेव्हा एका बाईंचा निरोप आला. आमच्या मागच्या वर्गातल्या, आता लेकाकडं नांदेडला असतात. नातीला कविता म्हणून दाखवताना अडल्या आणि नातीनं त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजी अक्षरांत 'मोत्याचा हार जवारी' असं शोधलं. "मला तर अजून हारच खरं वाटतंय," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली तिसरं कडवं.

खुडून नेता कणीस कोणी
हलके झाले, नाही उदास;
रिते तरीही उभे राहिले,
माथ्यावरती … आकाश.

मी ते सुनेला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. निवडलेली पानं बाजूला सारत म्हणाली, "म्हणून तुमचे गुरुजी भारासाठी भांडायलते." मला एवढी वर्षं जे कळलं नाही ते तिला मेथी निवडता निवडता कळलं. हार गेला तर माणूस रडतो. हलकं व्हायला आधी भारच लागतो.

शेवटच्या ओळीतला तो एक शब्द बाईंना आठवत नाही. तिथं त्या गुणगुणतात. पानावर आम्ही ती जागा मोकळी ठेवलीय आणि खाली लिहिलंय, कोणाला आठवत असेल तर कळवा. पान आता शोधलं की सगळ्यात वर येतं. सून म्हणते, एवढं सापडलं तर तेही सापडेल, येईल कोणीतरी.

हा कागद मात्र मी तिच्या हाती देणार नाही. दिला तर ती हाही लोकांना सापडेल असा करून ठेवील. गुरुजी, त्या मोकळ्या जागेत 'अवघे' बसतं. माथ्यावरती अवघे आकाश. तुमचा शब्द हाच होता असं मी म्हणत नाही, बहुधा नव्हताच. पण गच्चीवर एकटा असलो की मी कविता पुरी म्हणतो, तुमच्या एवढ्या शब्दांत माझा एक घालून, आणि तो मला फार गोड लागतो. खरा शब्द घेऊन कोणीतरी यावं, येईलच. पण इतक्यात नको.