अर्धी गोळी

३ फेब्रुवारी

आज एका पाकिटाने माझा जाहीर पराभव केला. लेख घातला, चिकटवायला जीभ फिरवली — थुंकीच नाही. तीनदा फिरवली. तोंडात नुसता लाकडाचा भुसा. शेवटी बायकोने पाण्याचं बोट फिरवून काम उरकलं. "अहो, आता तोंड पाडू नका, आधीच सुकलंय ते." आयुष्यभर लोकांना टोचून बोललेली जीभ अशी जप्त व्हावी, आणि तीही गोळीने!

५ फेब्रुवारी

गोळीचे उपकार नाकारत नाही. चार महिन्यांपूर्वी खालच्या शिंप्याचं मशीन माझी पापं एकेक करून वाचत होतं. मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांदेखत ओरडलो होतो — "कोणी पढवलंय याला?" त्यानंतर डॉक्टर, गोळी, आणि आवाज बंद. आता दुपारी असा झोपतो की खाली मशीन चालतंय की तोफ, पत्ता नाही.

पण डोक्यातली धारही झोपलीय. संपादक म्हणाला, "लेख फार सज्जन झालाय हो." इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता.

६ फेब्रुवारी

आजपासून अर्धीच. सुरीने कापली. उरलेला तुकडा बटणांच्या डबीत. घरात कोणाला सांगायचं नाही.

१२ फेब्रुवारी

एका बैठकीत लेख! संपादक फोनवर खो-खो हसला. दुपारी टक्क जागा होतो. खालून मशीन ऐकू आलं. कान देऊन ऐकलं — शब्द नाही, माझं नाव नाही, नुसती खटखट. म्हणजे मी बरा झालो. डॉक्टर उगाच घाबरवतात.

बायको म्हणाली, "दोन रात्री डोळा लागला नाही तुमचा."

"कामाला लागलोय."



१७ फेब्रुवारी

शिंप्याची माफी मागायची राहिली होती. आज जेवण झाल्यावर गेलो. सोबत दोन पँटी, कंबर सैल करायला — गोळीने सहा किलो बक्षीस दिलेत. तो हाताने टाके घालत बसला होता.

"मास्तर, त्या दिवशी फार चुकलो."

"जाऊ द्या हो. माणूस आजारी पडतो. बरे आहात ना? झालं तर." मग म्हणाला, पँटी परवा मिळतील, हाताने वेळ लागतो.

"मशीन बिघडलं?"

"छे. तुम्हाला त्रास व्हायचा ना, म्हणून त्याच आठवड्यात भावाकडे नेऊन ठेवलं. मोठी कामं तिकडे करतो."

चार महिने. आणि आज जेवताना मी ते ऐकलं होतं.

१७, संध्याकाळी

डबी बायकोपुढे ठेवली. तिने झाकण उघडलं, तुकडे पाहिले. डॉक्टरांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मीच सांगितलं.